संत आनची ओटी

लीड्स, १३ नोव्हेंबर १९८८

चि. सुमेधा,

आशीर्वाद पाठवते. त्यांना वेगळं तिकीट लागत नाही, तेव्हा तेवढे तरी ठेवून घे.

तू फोन आपटलास त्याला सव्वा वर्ष झालं. बाबा अजून दर रविवारी साडेसहाला फोनपाशी खुर्ची ओढून बसतात आणि टेलिव्हिजन बघत असल्याचं सोंग करतात. टेलिव्हिजन दुसऱ्या खोलीत आहे. काल म्हणाले, "सुप्रभा, आता तूच लिही. आईचं पत्र कोणी फाडत नाही." आयुष्यभर लोकांना भूल दिली ना, त्यामुळे त्यांना सगळेच शांत पडून राहणारे वाटतात. मी लिहायला बसले.

मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं तर तू चहा पिता पिता वाचून बाजूला टाकशील. मराठी तुला अजून ओळीखाली बोट धरून वाचावं लागत असणार. तेवढा वेळ तरी माझ्याजवळ बसशील.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी तू फोनवर विचारलंस, "आई, मूर्तीला तू हात लावलास का?" मी नाही म्हटलं. आज लेखी देते, नाही. मी तुमच्या त्या चॅपेलमध्ये गेले, संत आनपुढे उभी राहिले, हात जोडले आणि बाहेर आले. फ्रान्समध्ये, ब्रिटनीतल्या आडगावात, गाईंच्या कुरणात, पाचशे वर्षांपूर्वीचं ते दगडी देऊळ. मेरीची आई, म्हणजे येशूची आजी, तिथे लेकीला पुढ्यात घेऊन पुस्तक वाचायला शिकवते आहे. हात जोडले तर काय बिघडलं?

मूर्तीचा निम्मा चेहरा आणि निळा खांदा धुऊन गेला, याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. वर्षभर तू डोळ्याला भिंग लावून, कापसाच्या काडीने एकेक बोट जागा साफ करत होतीस. वरचे थर काढत काढत खालचा मूळचा निळा सापडला तेव्हा तू रात्री फोन करून रडली होतीस. मला सगळं आठवतं. पण म्हणून मी तिथल्या मेयरला पत्र लिहावं, हा हट्ट कशासाठी? सोआझिगबाईंकडून चॅपेलची किल्ली काढून घेतली, हे माझ्यामुळे झालं का? चार पिढ्या त्यांच्या घरात, घड्याळामागच्या खिळ्याला ती हातभर किल्ली होती, कबूल. पण दरवर्षी जत्रेच्या आधी सगळ्या संतांना ओल्या फडक्याने पुसायची खोड त्यांचीच ना? तुझ्या पुरातन वस्तूंच्या खात्याने त्यांना दोनदा दम भरला होता, हे तूच मला सांगितलंस. म्हातारी माणसं ऐकतात थोडीच! आणि पाचशे वर्षांच्या रंगावर कोणी कोमट दूध ओतलं, तर तो राहील कसा?

असो. नोलू आता पळत असेल. नोल्वेन हे नाव मला अजून तोंडात बसत नाही, म्हणून नोलू. पिवळा स्वेटर पाठवला होता. मिळाला की नाही, एवढं तरी कळव.

तुझी आई


लीड्स, २ फेब्रुवारी १९८९

सुमेधा,

तुझं पोस्टकार्ड आलं. एका बाजूला चॅपेलचं चित्र, दुसऱ्या बाजूला तुझं ते शाळकरी अक्षर आणि एकच ओळ. "दूध कोणी म्हटलं होतं?"

दारातल्या पायपुसण्यावरून बाबांनीच ते उचललं. "कसलं गं दूध?" म्हणाले. मी सांगितलं, नोलूला गाईचं दूध पचतं का असं मी विचारलं होतं. तेव्हा आता त्यांच्याशीही खोटं बोलून झालं.

तू खरंच दूध म्हटलं नव्हतंस. माझ्याच हाताने लिहिलं गेलं. मला वाटतं, पोटात राहवलं नाही त्याला.

ऐक मग. तुझी दोन बाळं राहिली नाहीत, तेव्हा मी शहाऐंशीच्या मे महिन्यात तुझ्याकडे आले होते. तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजायचीस. यान बिचारा अंगणात लाकडं तासत बसायचा. एका दुपारी सोआझिगबाई मला हाताला धरून चॅपेलमध्ये घेऊन गेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला फ्रेंच येत नाही, पण बायकांना कुठे काय लागतं. त्यांनी आपल्या पोटावर हात ठेवला, मग मूर्तीकडे बोट केलं. तिथल्या बायका मूल होत नसलं की संत आनकडे येतात, एवढं मला स्वच्छ कळलं. मी वर पाहिलं. एक आई लेकीला पुढ्यात घेऊन पुस्तकावर बोट फिरवायला लावते आहे. मला लीड्सचं आपलं पहिलं स्वयंपाकघर आठवलं, दर रविवारची बाराखडी आणि तुझं ते बोट. मी तिथेच नवस बोलले. माझ्या लेकीला सुखरूप मूल होऊ दे, मी तुझी ओटी भरीन.

पुढच्या मार्चमध्ये नोलू झाली. नवस बोलला की फेडायचा असतो, सुमेधा. त्यात सवलत नसते. जुलैत नात बघायला आले तेव्हा सुटकेसमध्ये पुण्याहून मागवलेला हिरवा इरकली खण होता, नारळ होता, हळकुंड, सुपारी, तांदूळ, सगळं. तुला सांगितलं असतं तर तू आणू दिलं नसतंस. पहिल्याच दिवशी तू मला बजावलं होतंस, "आई, हात नाही लावायचा. श्वास पण लांबून घे." मी हसले होते.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तू आणि यान नोलूला इंजेक्शन द्यायला शहरात घेऊन गेलात. मी सोआझिगबाईंच्या दारात जाऊन किल्लीची खूण केली. खण दाखवला, नारळ दाखवला. नारळ बघून त्या दचकल्या. मग मी मूर्तीला आंघोळ घालायची खूण केली तर त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. तुझ्या खात्याने भरलेला दम त्यांच्या चांगला लक्षात होता, माझ्यापेक्षा जास्त. मी पर्समधून नोलूचा फोटो काढला. तो बघून त्यांनी डोळे टिपले आणि घड्याळामागची किल्ली काढली. त्यांच्याच गाईचं दूध, त्यांच्याच चुलीवर कोमट केलेलं. चॅपेलजवळच्या झऱ्याचं पाणी त्यांनी स्वतः बादलीने आणलं.

मूर्तीच्या गळ्याशी कोळ्याचं जाळं होतं. इतकी धूळ! मला वाटलं, किती वर्षांत या बाईला कोणी न्हाऊ घातलं नाही. मातीच्या गणपतीला आपण दूर्वेने नुसतं शिंपडतो, एवढी साधी गोष्ट मला का आठवली नाही, ते मी रोज स्वतःला विचारते. लाकूड आहे, दणकट असेल, असं डोक्यात बसलं होतं. दूध घातलं, पाणी घातलं, मग पंचाने हलक्या हाताने पुसलं. पंचा निळा झाला. मी पुन्हा पुसलं. का पुन्हा पुसलं? मला वाटलं, वरचा मळ आहे.

मग चेहरा बघितला, तर एका बाजूला नुसतं लाकूड.

एवढं होऊनही मी हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. अर्धवट सोडणं मला जास्त भीतीचं वाटलं. सोआझिगबाईंनी माझ्या हातातून पंचा काढून घेतला, खाली सांडलेलं पुसलं, खण नि नारळ एप्रनमध्ये गुंडाळला, मूर्तीचं कपाळ आपल्या डोक्याच्या पदरासारख्या रुमालाने टिपलं. मग माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी तू मला बोटीवर बसवायला आलीस. मी नोलूचा पापा घेतला आणि प्लिमथपर्यंत डेकवर उभी राहिले.

झालं सांगून. पण मेयरला लिहायला सांगू नकोस. ती ओटी चूक होती असं मी सही करून दिलं आणि पोरीला काही झालं तर? हस हवं तर. केंब्रिजमध्ये शिकलेल्या मुलीला आईच्या अशा गोष्टींचं हसूच येणार. शिवाय तुझीही नोकरी जाईल. शिवाय बाबा. इथल्या सगळ्या मराठी मंडळात ते सांगत असतात की फ्रान्समध्ये जुन्या मूर्ती आमच्या मुलीच्या हाताने बऱ्या होतात.

बाबांना कळवू नकोस.

आई


लीड्स, २४ नोव्हेंबर १९९१

सुमेधा,

तू दीड दिवस आलीस. बाबांसाठी आलीस, माझ्यासाठी नाही, हे मला कळतं. तरी आलीस. क्रेमेटोरियममध्ये तू माझ्या शेजारी उभी राहिलीस तेव्हा तुझ्या कोटाची बाही माझ्या बाहीला लागत होती. मी मुद्दाम हलले नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण जे बोललो ते मी इथे पुन्हा लिहिते आहे. कारण मी रोज त्यात थोडं थोडं बदलते आणि आठवड्याभरात माझ्या मनात मीच शहाणी ठरेन.

मंडळातली अलका सगळ्यांसाठी पिठलंभात टाकून गेली होती. तू ताटाला हातही लावला नाहीस. म्हणालीस, "आई, मेयरला लेटर लिहिलंस?"

मी म्हटलं, "आज हे विचारायचा दिवस आहे का?"

"मग कधी? यू टेल मी. चार वर्षं झाली. सोआझिग सेव्हंटी-नाइन आहे. पार्दोंच्या, त्या जत्रेच्या दिवशी सगळं गाव प्रोसेशनमध्ये असतं, बॅनर, गाणी, सगळं. आणि ती बाहेर, कुरणाच्या वॉलपाशी. तिला आत या कोणी म्हणत नाही. संत आन म्युझियममध्ये गेली ना, ते तिच्यामुळे असं सगळे म्हणतात. चॅपेलमध्ये आता प्लास्टरची कॉपी आहे."

"तिने सांगितलं का नाही मग? तिला तोंड नाही?"

"ते तू तिला विचार."

मग मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं. "तू तरी का नाही सांगितलंस? माझं पत्र येईपर्यंत तुला माहीत नव्हतं म्हणून?"

तू हसलीस. बाबांसारखी, नाकातून. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आई. मूर्तीच्या कपड्याच्या फोल्डमध्ये यलो होतं. मी टेस्टसुद्धा नाही केली. नुसता वास घेतला. त्या गावात हळद कोणाकडे असते? मग मी तुला फोन केला. मला वाटलं, आई सांगेल. तू नाही म्हणालीस. सो मी पण नाही म्हणाले. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, अननोन यलो पॉलिश. माझी सही आहे त्याच्यावर."

"माझ्यासाठी केलंस ना ते?"

"हो. आणि तेच मला सहन नाही होत. रोज बेकरीत सोआझिग मला बोंझूर म्हणते. नोलूला बिस्किट देते. मला काहीच विचारत नाही. तू लिहिलंस तर मी पण लिहीन, दुसऱ्या दिवशी. पण पहिलं तू. मी माझ्या आईला पकडून देणार नाही."

मी तुला वचन दिलं, लिहीन. बाबांच्या फोटोकडे हात करून दिलं. तू उठलीस आणि ताट झाकून ठेवलंस, जशी लहानपणी ठेवायचीस.

आता बाबा नाहीत, तेव्हा त्यांना काय वाटेल हे कारण संपलं. ओटी भरायचा माझा हक्कही संपला, निदान अलकाच्या सासूच्या हिशेबी. परवा मंडळात हळदकुंकू होतं तर मला आपलं चटकन खुर्ची दिली कोपऱ्यातली. सगळ्या फार प्रेमाने वागल्या.

लिहीन. थोडा वेळ दे.

आई


लीड्स, २० सप्टेंबर १९९३

सुमेधा,

अकरा वेळा लिहिलं. सगळे कागद ड्रॉवरमध्ये आहेत, खोटं वाटत असेल तर येऊन बघ. प्रत्येक वेळी "डिअर मिस्टर मेयर" छान जमतं. त्याच्या पुढे मी शपथेवर लिहायला लागते की माझा हेतू चांगला होता, आणि दोन पानं हेतूच चालतो. सोआझिगबाई तिसऱ्या पानावर येतात. मग मला माझीच लाज वाटते आणि मी टोपण लावते.

काल मंडळाचा गणपती होता. आरतीनंतर मूर्तीवर दूर्वेने पाणी शिंपडलं तेव्हा मी हॉलच्या बाहेर गेले. मंडळातली मंजिरी विचारत आली, "मावशी, बरं नाही का?" मी म्हटलं, उदबत्तीचा धूर गेला. एकदा खोटं बोलायची सवय लागली की किती सहज जमतं, बघ. तोंडावर रेघसुद्धा हलत नाही.

नोलूला सातवं लागलं. तिला मी चार महिन्यांची पाहिली आहे, नंतर नाही. यान दर वर्षी एक फोटो पाठवतो, तुला न सांगता पाठवत असावा. त्याला रागावू नकोस.

पुढच्या महिन्यात नक्की.


लीड्स, २१ ऑक्टोबर १९९४

सुमेधा,

पत्र टाकलं! आज सकाळी दहा वाजता, हेडिंग्लीच्या पोस्टात, रजिस्टर करून. पावती माझ्यासमोर टेबलावर आहे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आत काही मौल्यवान आहे का? मी म्हटलं, नाही, फक्त कागद.

दीड पान झालं. हेतू एका ओळीत संपवला. मूर्ती मी धुतली, मादाम केर्वेलांनी, म्हणजे आपल्या सोआझिगबाईंनी, मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही, त्यांचा दोष नाही, किल्ली त्यांच्या घरी परत लावा. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. ओटीबद्दलही लिहिलं. नोलूला काही होणार नाही. झालं तर ते माझ्यावर येऊ दे, असं रात्री देवापुढे दिवा लावून सांगितलं आणि सकाळी उठून पोस्टात गेले.

इतकी वर्षं जे जमलं नाही ते आज कसं जमलं, असं तू विचारणार. यानचा यंदाचा फोटो उशिराने, परवा आला. मागे त्याने तारीख लिहिली आहे, जुलैची. सोआझिगबाई त्यांच्या दाराच्या पायरीवर बसल्या आहेत. किती वाळल्या गं! नोलू त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी आहे. मांडीवर एक पुस्तक उघडं आहे, म्हातारीने तिचं बोट धरून ओळीवर ठेवलंय. दोघींपैकी कोणाचंच कॅमेऱ्याकडे लक्ष नाही.

मी तो फोटो हातात धरून किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. गॅसवरची आमटी आटून करपली. ती जागा माझी होती, सुमेधा. मी ती गमावली आणि तिथे ती बाई बसली, जिला मी चोर ठरवून आले होते. माझ्या नातीला ती वाचायला शिकवते आहे. मला मत्सर वाटला, लपवत नाही. पण त्यापेक्षा जास्त शरम वाटली, आणि त्या शरमेतच पत्र एका बैठकीत लिहून झालं.

आता तूही तुझं लिही. कबूल केलं होतंस.

जुलैमध्ये मी पार्दोंला यायचं म्हणते. बोटीने येईन, तुला बंदरावर यायची गरज नाही, मी टॅक्सी करीन. मी सोआझिगबाईंबरोबर कुरणाच्या भिंतीपाशी उभी राहीन, आणि त्यांना आत बोलावलं की त्यांच्या मागून जाईन. त्यांच्याशी काय बोलायचं ते फ्रेंचमध्ये लिहून दे, मी पाठ करते. "माफ करा" आणि "तुम्ही माझ्या नातीला शिकवलंत", एवढी दोनच वाक्यं पुरेत. बाराखडी मी तुझ्याकडून घोटून घेतली, आता तू माझ्याकडून घोटून घे.

आज मला सात वर्षांनी भूक लागली. पोळी आणि गुळांबा खाल्ला.

तुझी आई


लीड्स, १६ फेब्रुवारी १९९५

सुमेधा,

मेयरचं पत्र डिसेंबरात आलं. त्यांनी कोणाकडून तरी इंग्रजी करून घेतलंय, फार सभ्य भाषा आहे. माझं पत्र पंचायतीच्या बैठकीत वाचून दाखवलं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांनी आभार मानले आहेत. मादाम केर्वेला तीन ऑक्टोबरला, थोड्याशा आजारानंतर वारल्या. किल्लीबद्दल लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी चॅपेलचं कुलूप बदललं, नवी किल्ली कचेरीत असते, आणि जुनी आता कशालाच लागत नाही.

तीन ऑक्टोबर. मी एकवीसला पोस्टात गेले. यानने फोटो वेळेवर पाठवला असता तर, असं पहिल्यांदा माझ्या मनात आलं. बघ, अजूनही मला दुसरंच कोणीतरी सापडतं.

तू मला कळवलं नाहीस. माझं ऑक्टोबरचं पत्र तुला मिळालं तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी तुझ्याकडे फ्रेंच वाक्यं मागत होते. ते वाचून तुझं काय झालं असेल, याचा विचार मी रोज करते. तू तुझं पत्र खात्याला दिलंस आणि राजीनामा दिलास, हे मला यानच्या नाताळच्या कार्डावरून कळलं. म्हणजे तुझी नोकरीही गेली. ज्या ज्या गोष्टी वाचवायच्या म्हणून मी गप्प बसले, त्यातली एकही राहिली नाही.

काल तुझं पार्सल आलं.

तुझं अक्षर बघून मी दारातच कात्री घेऊन बसले. मला वाटलं, नोलूचं काही असेल. तिने काढलेलं चित्र, नाहीतर तो पिवळा स्वेटर, आता लहान झाला असेल. आत तपकिरी कागद, आणि कागदात माझा हिरवा खण.

इस्त्री केलेला. चौकोनी घडी, मधे लॅव्हेंडरची काडी. हळदीचा डाग तेवढा राहिला होता एका कोपऱ्यात, तो घासून बघितलेला दिसतो. सोबत तुझी चिठ्ठी, "तिच्या कपाटात होतं, चादरींच्या खाली. तुझं आहे."

म्हणजे सात वर्षं हा खण त्यांच्या घरात होता. ज्या दिवशी गावाने किल्ली काढून नेली त्या दिवशीही. कपाट उघडून तो मेयरच्या टेबलावर टाकला असता तर एका मिनिटात काम झालं असतं. असलं कापड त्या मुलखात दुसऱ्या कोणाकडे असणार? त्यांनी तो धुतला, इस्त्री केली आणि चादरींखाली ठेवला. जत्रेच्या दिवशी कुरणाच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि घरी येऊन पुन्हा गप्प बसल्या. का, ते आता मला कोण सांगणार? माझ्यासाठी का, तुझ्यासाठी का, की नोलूसाठी? मला वाटतं, नोलूसाठी. नवसाचं आहे, ते मोडायचं नाही, हे त्या न बोलता समजल्या असतील. मी ज्या भीतीने तोंड उघडलं नाही, त्याच भीतीने त्यांनीही उघडलं नसेल. फरक इतकाच की त्यांनी त्याची किंमत मोजली, आणि मी इथे हीटर लावून बसले.

त्यांना मी एकदाही पत्र लिहिलं नाही, सुमेधा. मेयरला अकरा मसुदे केले. त्यांना एक ओळही नाही. आत्ता लिहिताना हे पहिल्यांदा लक्षात आलं.

मी जुलैत येणार नाही. भिंतीपाशी कोणाबरोबर उभी राहू? आणि आत जायला मला तोंड नाही.

आता एकच विचारायचं आहे. तू नऊ वर्षांची होतीस. अलकाकडे चैत्रातलं हळदकुंकू होतं, तिने माझी ओटी भरली, आणि बसमध्ये तू ते खणाचं कापड चाचपत विचारलंस, "आई, हे नंतर तिला परत द्यायचं का?" मी तुला सांगितलं होतं, ओटी कधी परत द्यायची नसते. दिलेली ओटी परत केली की नातं संपलं असं होतं. तू घाबरून तो खण दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होतीस, घर येईपर्यंत.

त्याला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा तू लहान होतीस. नंतर इतकं शिकलीस, इतक्या गावांना राहिलीस, असलं बारीकसारीक कुठे लक्षात राहतं. कपाट आवरताना हाती लागलं, आईचं आहे म्हणून आईला पाठवलं, सरळ आहे. खण मी पार्सलच्या कागदातच ठेवला आहे. उचलून कपाटात ठेवलेला नाही.

तू विसरली असशील ना? एवढंच कळव. पोस्टकार्ड चालेल.

आई